बाटलीत भरण्यापूर्वीचा दर्प
1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल, नाव बदलले तरी, गुजरातेत कायम असल्याने तिथल्या रहिवाशाने हा मजकूर केवळ शास्त्र म्हणून वाचावा. परंतु जेथे कायद्याची आडकाठी नाही, तेथील गृहस्थाने आंबत्या बिअरला सडक्या अंड्याचा दर्प आला म्हणून ती तत्काळ मोरीत ओतू नये, कारण तो गंधकयुक्त वायू यीस्टमधूनच उपजतो आणि कर्बवायूसमवेत बहुधा काही दिवसांत आपोआप निघून जातो. लोण्याचा वास डायअॅसिटिल या संयुगाचा. द्रव यीस्टवरच, सुमारे 18 ते 20 अंश सेल्सिअसला, आणखी दोन-तीन दिवस ठेवल्यास यीस्टच त्याचा निकाल लावते. घाई नडते ती इथेच! शिरक्याच्या वासाला मात्र इलाज नाही. तो ऐवज बाटलीत भरूच नये.