मौन म्हणजे संमती नव्हे!

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे लग्नाच्या बोलणीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सर्रास वापरले जाते. मुलीने खाली मान घातली की होकार समजायचा. सभेत कोणी बोलले नाही की ठराव मंजूर! माणसांच्या व्यवहारात हे वचन कितपत खरे, याचा निवाडा वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावा. यंत्रांच्या व्यवहारात मात्र ते साफ खोटे आहे; आणि ते मला कळले २०१९ साली, दिवाळीच्या तोंडावर, चकल्यांच्या एका कारखान्यात!

कारखान्यातल्या मोटरी संगणकाला जोडून देणे हा माझा व्यवसाय. पुण्याजवळच्या या कारखान्यात कढईतून निघालेली चकली पाच सरकत्या पट्ट्यांवरून निवत निवत पाकिटे भरायच्या टेबलापर्यंत जाई. पाच पट्टे, पाच मोटरी. प्रत्येक मोटरीशेजारी भिंतीवर ड्राइव्ह नावाची एक पेटी. आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. ही पेटी त्यांचे २० करते, ३५ करते, आणि त्या मानाने मोटर हळू किंवा जलद फिरते. पूर्वी पाच पेट्यांसाठी पाच वेळा धावावे लागे. मालकांची इच्छा अशी, की एका खोलीत बसून, संगणकाच्या पडद्यावरून पाचही मोटरी चालवता याव्यात.

आता संगणकाने मोटरीशी बोलायचे तरी कसे? अगदी तारखात्याच्या रीतीने! साकवावरून माणसे जशी एकामागून एक पलीकडे जातात, तसे निरोपाचे ठिपके एकामागून एक तारेतून जातात. म्हणून याला सीरियल, म्हणजे ओळीने चालणारे, दळणवळण म्हणतात. आपल्या देशातली तारसेवा २०१३ साली बंद झाली खरी. पण तिचा वंश असा कारखान्याकारखान्यांतून नांदतो आहे. या बोलण्याचा वेग मोजायचे माप ‘बॉड’, तेही एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र-तज्ज्ञाच्या नावावरून पडलेले.

या तारेच्या जुन्या पद्धतीला आरएस-२३२ म्हणतात. ती १९६० सालची. त्या पद्धतीत एका तारेवर दोघांनीच बोलायचे आणि तेही साधारण पंधरा मीटरच्या आत. आमचे पट्टे लांब आणि मोटरी पाच. तेव्हा १९८३ सालची आरएस-४८५ ही पद्धत घेतली. तिच्या एका जोडतारेवर ३२ यंत्रे बसतात आणि निरोप बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. यातली युक्ती मोठी मौजेची आहे. दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेतात आणि निरोप दोघींमधल्या फरकात ठेवतात. बाहेरचा विजेचा गोंगाट आला तर तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. तागडीच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलतो का? तसेच हे!

तार झाली, आता भाषा. ती मॉडबस नावाची, १९७९ साली निघालेली. तिचा रिवाज शाळेतल्या हजेरीसारखा आहे. मास्तर, म्हणजे संगणक, नंबर पुकारील तेव्हाच त्या नंबराच्या पेटीने ‘हजर’ म्हणायचे; इतरांनी तोंड मिटून बसायचे. ‘तीन नंबर, वेग अमुक ठेव,’ हा सारा निरोप अवघ्या आठ अक्षरांचा. त्यातली शेवटची दोन अक्षरे केवळ पडताळ्याची. पडताळा जुळला तर पेटी हुकूम मानते आणि उत्तर देते. जुळला नाही तर ती निरोप टाकून देते आणि गप्प बसते.

वाचकहो, हे ‘गप्प बसते’ तेवढे ध्यानात ठेवा.

काम सुरू झाले तेव्हा दसरा झाला होता आणि दिवाळीच्या मागण्या डोक्यावर बसल्या होत्या. घाईत मी एक चूक केली. निरोपाची नाजूक तार मोटरींच्या जाड तारांच्या शेजारून, एकाच ट्रेमधून नेली. ड्राइव्हची पेटी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. हा गोंगाट इतका जवळून झाला, की पीळ घातलेल्या तारेलाही तो सोसेना. निरोप बिघडू लागले.

प्रत्येक ड्राइव्हमध्ये एक सोय असते. अमुक सेकंद संगणकाचा आवाज आला नाही तर मोटर थांबवायची, असे तिला सांगून ठेवता येते. ही सोय मी चालू ठेवली होती. त्यामुळे निरोप बिघडले की पट्टे मधेच थांबत. दिवसातून दहादा! कढईत चकल्या, पट्ट्यावर चकल्या आणि मालक माझ्या डोक्यावर! अखेर दुखणे शोधायचे सोडून मी दुखणे सांगणाऱ्याचे तोंड बंद केले. पाचही पेट्यांत सेकंदांच्या जागी शून्य घातले. शून्य म्हणजे, ‘आवाज आला नाही तरी चालू दे.’ पट्टे थांबायचे बंद झाले. मालक खूश, मीही खूश!

त्याच सुमारास मालकांनी विचारले, “साहेब, सगळं संगणकच करणार ना? मग ही तांबडी बटणं आणि त्यांची वेगळी तार कशाला? तेवढाच खर्च वाचेल.”

खोटे कशाला सांगू, मी घुटमळलो. पण कारखान्याचे वायरमन, पिकल्या केसांचे गृहस्थ, शिडीवरूनच म्हणाले, “साहेब, तुमची तार बोलायला, ही तार थांबवायला. दोन्ही राहू द्या.” त्यांच्या वयाकडे पाहून मी ती राहू दिली.

चारच रात्रींनी, साडेअकराच्या सुमारास, पाचव्या पट्ट्यात एक खोके अडकले. पट्टा जागच्या जागी उभा. खाली ढोल मात्र घसरत फिरत होता. झाडताना कोणाचा तरी झाडू लागून संगणकाच्या मागची जोडणी निसटली होती, हे कोणाच्या गावीही नव्हते. खोलीतल्या मुलाने पडद्यावरचे ‘थांबा’ दाबले. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने पेटीच्या उत्तराची वाट न पाहताच पडद्यावर ‘थांबले’ असे दाखवले. मुलगा काचेतून ओरडला, “थांबवलंय, मावशी! काढा खोकं!”

मावशींनी हात घातला. खोके सुटले, आणि पट्टा निघाला! त्यांच्या एप्रनची बाही ढोलाकडे ओढली जाऊ लागली. मी खोलीच्या दारात होतो. तेथून पट्ट्यापर्यंत दहा पावले असतील. ती मला पडेनात. वायरमन जवळ होते. त्यांनी तळव्याने तांबडे बटण दाबले आणि सारे जागच्या जागी थबकले.

बाही फाटली, मनगट खरचटले, एवढ्यावर निभावले. मावशी पाणी प्यायल्या आणि मलाच म्हणाल्या, “तुम्ही बसा जरा साहेब, तुम्हाला घाम फुटलाय.”

त्या रात्री मला झोप आली नाही. दोन तारांतला फरक काय, हेच डोक्यात घोळत राहिले. तांबड्या बटणाच्या तारेतून वीज सारखी वाहत असते. ती वाहते तोवर यंत्र चालते. बटण दाबा, तार तुटो, उंदराने कुरतडो, वीज थांबली की यंत्रही थांबले. आगगाडीच्या ब्रेकचेही तसेच आहे. डबा सुटला, नळी तुटली, तिच्यातला दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे त्या शिडीवरच्या तारेला मौनाचा अर्थ ‘थांब’ असा ठाऊक होता. माझ्या शहाण्या तारेला मात्र मी ‘मौन म्हणजे संमती’ शिकवून ठेवले होते. पेटीलाही आणि पडद्यालाही!

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवून आम्ही सारे सुधारले. निरोपाची तार लोखंडी नळीतून वेगळी नेली. तिच्यावरचे जाळीचे वेष्टन जमिनीशी जोडले. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध बसवले. नाहीतर गोलघुमटातल्या आवाजाप्रमाणे लांब तारेतही निरोप टोकावर आपटून मागे घुमतो. पेट्यांतले शून्य काढून दोन सेकंद घातले. आणि प्रोग्रॅम असा बदलला, की पेटीने ‘थांबले’ असे स्वतः सांगितल्याखेरीज पडद्याने ते म्हणायचे नाही. उत्तर आले नाही तर ‘संपर्क तुटला’ असे लाल अक्षरांत दाखवायचे. तांबड्या बटणांच्या तारेला कोणी हात लावला नाही. मौज अशी, की गोंगाटाचे मूळच गेल्यामुळे पट्टे मधेच थांबणेही बंद झाले. म्हणजे एका दिवसाचे काम वाचवण्यासाठी मी एका बाईचा हात पणाला लावला होता!

त्या दिवाळीला मावशींनी घरी केलेल्या करंज्यांचा डबा पाठवला. “छान झाल्या आहेत,” म्हणत घरच्यांनी तो दोन दिवसांत संपवला. माझ्या घशाखाली मात्र पहिली करंजी लवकर उतरली नाही.

तेव्हापासून नवे काम मालकांच्या ताब्यात देताना मी एक रिवाज पाळतो. सर्व मोटरी भरधाव चालू करतो, वायरमनला तांबड्या बटणाशी उभे करतो, आणि संगणकाची तार सर्वांसमोर स्वतःच्या हाताने उपसून काढतो. मग मोठ्याने मोजतो: “एक... दोन...” पट्टे थांबतात. त्यानंतरच कागदावर सही करतो.