अडत्या म्हणजे कोण, हे इंग्रजीत सांगा

अडत्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. तो मोबाइल काढेल आणि 'कमिशन एजंट' म्हणेल. उत्तर बरोबर आहे. आता त्याला म्हणा, 'एजंट' आणि 'कमिशन' हे दोन्ही शब्द बाजूला ठेव आणि हा माणूस काय करतो ते इंग्रजीत एका वाक्यात सांग. पोरगा तिथंच अडतो. शेतकरी, माल, विकणे, पैसे, भाग यांचे इंग्रजी शब्द त्याला शाळेपासून येतात. पण 'ही सेल्स द फार्मर्स गुड्स अँड कीप्स अ स्मॉल पार्ट ऑफ द मनी' एवढं साधं वाक्य काही तोंडातून निघत नाही.

शब्द येतो आणि तरीही वापरता येत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. तिचं मूळ वहीत आहे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. शाहूपुरीला स्टँड आणि स्टेशन दोन्ही जवळ असल्यामुळे कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडची मुलं या भागात शिकायला येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पिशवीत अशी वही सापडेल. स्पर्धा परीक्षेसाठी रोज अमुक इतके शब्द पाठ, असा नेमही असतो. मेहनतीत काही कमी नसते. ती चुकीच्या जागी खर्च होते, एवढंच.

या शहराला इंग्रजी नवं नाही. राजाराम कॉलेज 1880 सालचं, म्हणजे शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेल्या शाहूपुरी पेठेपेक्षाही जुनं. गोपाळ कृष्ण गोखले कागलहून इथं शिकायला आले. त्यांच्या इंग्रजीची तारीफ पुढं इंग्रजांनीही केली. इंग्रजी उताऱ्यांचं त्यांचं पाठांतर प्रसिद्ध होतं. आपण पाठांतराला नावं ठेवतो, पण त्यांनी पाठ केली ती सलग वाक्यं, आणि सलग वाक्य पाठ झालं की शब्द आपल्या शेजाऱ्यांसकट डोक्यात बसतो. सुट्या शब्दाचं तसं होत नाही.

मग ही दोन रकान्यांची सवय आली कुठून? मला वाटतं, आपल्या शब्दकोशांच्या जन्मकथेत थोडं उत्तर आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. थोर काम, आजही त्याच्यावाचून अडतं. पण तो मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबासाठी होता. उलट बाजूचा इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने 1847 मध्ये पुरा केला. पुढं 20 व्या शतकात निळकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा कोश आला. हे सगळे कोश मुख्यतः वाचणाऱ्याच्या कामाचे. पुस्तकात शब्द अडला, अर्थ बघितला, पुढं निघालो. तो शब्द घेऊन स्वतः चार ओळी लिहायच्या असतील तर नुसता प्रतिशब्द पुरा पडत नाही.

याला आपल्याकडचा ठळक अपवाद म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी थोडे शब्द, मग त्याच शब्दांची वाक्यं, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. पिढ्यानपिढ्या मराठी माणसांनी तर्खडकरांची चेष्टाही केली आणि इंग्रजीही त्यांच्याकडूनच शिकली. त्यातली काही वाक्यं आज ऐकायला गमतीची वाटतात, पण शब्द वाक्यातच द्यायचा ही त्यांची शिस्त पक्की होती.

शब्द वाक्यात हवा, तसा त्याचा अर्थही सोप्या शब्दांत हवा. या सोप्या व्याख्येची कल्पना जिथं रुजली ती जागा आपल्यापासून फार लांब नाही. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होता. बंगाली मुलांची वाचनाची पुस्तकं त्याने तपासली तेव्हा त्याला दिसलं, की नवे शब्द एकदम अंगावर येतात आणि परत भेटतच नाहीत. त्याने पुस्तकं नव्यानं रचली. थोडे नवे शब्द आणि त्यांची वरचेवर गाठ, हे त्याचं सूत्र. 1935 मध्ये त्याने एंडिकॉटबरोबर एक कोश काढला. त्यात सुमारे 24,000 शब्द-वाक्प्रयोगांचे अर्थ अवघ्या 1,490 शब्दांत सांगितले होते. कोशातला अर्थ समजायला दुसरा कोश उघडावा लागू नये, एवढी साधी त्यामागची गोष्ट. 1978 मध्ये लाँगमनने सुमारे 2,000 शब्दांत व्याख्या देणारा कोश काढला, तो याच वाटेनं.

दुसरी निम्मी गोष्ट जपानमधली. ए. एस. हॉर्न्बी तिथं इंग्रजी शिकवत होता. त्याने गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर जो कोश केला, तो ऐन महायुद्धात, 1942 साली टोकियोत छापला गेला. युद्धामुळे हॉर्न्बीला जपान सोडावं लागलं. 1948 मध्ये हाच कोश ऑक्सफर्डने काढला आणि पुढं तो जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर गेला. शब्द वाक्यात कसा वागतो हे त्यात होतं. नाम मोजता येतं की नाही, क्रियापदापुढं काय येतं, हे सांगून लगेच उदाहरण.

मराठी माणसाच्या नेमक्या याच जागी चुका होतात. आपण 'विषयी चर्चा करतो', म्हणून 'डिस्कस'ला 'अबाउट' चिकटवतो. 'वी डिस्कस्ड द रेट' हे एक वाक्य डोक्यात असेल तर ती चूक होणार नाही. 'फर्निचर्स' आणि 'ॲडव्हाइसेस' ही त्याच घरातली भावंडं. 'बॉरो' आणि 'लेंड' या दोन्हींपुढं वहीत 'उसने' लिहिलेलं असतं. घेणारा कोण नि देणारा कोण हे त्या रकान्यात मावत नाही आणि पेठेत तर हा फरक कळायलाच हवा!

1987 मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअरच्या गटाने कोबिल्ड कोश काढला. त्यात व्याख्याच अख्ख्या वाक्यात होती: तुम्ही अमुक करता तेव्हा तमुक होतं, अशा थाटाची. समोर बसलेला शिक्षक समजावून सांगतोय असं वाटतं. कुणाला ते पाल्हाळ वाटतं. मला शिकणाऱ्यासाठी तीच पद्धत उत्तम वाटते.

म्हणून मराठी अर्थ टाकून द्यायचा का? अजिबात नाही. हळद, घार, कोपर, बिजागरी यांची इंग्रजी व्याख्या वाचत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. तिथं मराठी शब्द एका क्षणात काम करतो. शब्दाची पहिली ओळख मातृभाषेतून व्हायला हरकत नाही, असं शब्दसंपत्तीचे नावाजलेले अभ्यासक पॉल नेशनही मानतात. ऑक्सफर्डच्या इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोशात दोन्ही सोयी एकत्र मिळतात. आधी इंग्रजी व्याख्या वाचायची, मराठी शब्दानं खात्री करायची, मग वाक्याकडं वळायचं.

आणि ते वाक्य आपलं स्वतःचं हवं. कोशातलं उदाहरण लंडनच्या पावसाचं असेल, तर आपण गुळाच्या सौद्याचं लिहावं. 'ऑक्शन' हा शब्द आला तर गुळाच्या रव्याचा भाव कसा पुकारला जातो ते लिहा. 'डिले' आला तर उशिरा आलेल्या एस.टी.वर लिहा. 'पेशन्स' आला तर कुंभार गल्लीत गणपतीचे डोळे रेखणारा हात आठवा. व्याख्याही आधी आपण करावी, मग कोशाशी ताडून बघावी. चुकली तर उत्तमच, कारण चूक नेमकी कुठं झाली ते लगेच दिसतं. अट एकच: शब्दाची व्याख्या त्याच शब्दानं करायची नाही.

आणि शब्द परत परत भेटण्याचं काय? जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवलं, की पाठ केलेलं आधी झपाट्यानं विसरलं जातं, मग सावकाश. म्हणून आज लिहिलेलं वाक्य उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने बघायचं; तेही अर्थाची बाजू झाकून. कोऱ्या कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला व्याख्या आणि आपलं वाक्य. खर्च जवळजवळ नाहीच.

आणि किती शब्द? वेस्टने 1953 मध्ये रोजच्या वापरातल्या सुमारे 2,000 शब्दांची यादी दिली. नेशन यांच्या हिशेबानं कादंबरी किंवा वर्तमानपत्र बिनअडथळा वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपं मिळून एक, अशी लागतात. आकडा ऐकून घाबरू नये. पहिले दोन हजार पक्के असतील तर उरलेल्यांच्या व्याख्या वाचता येतात. आपली मुलं नेमकी उलटीकडून सुरुवात करतात. परीक्षेच्या पुस्तकातले अवजड शब्द पाठ आणि 'गेट', 'टेक', 'पुट' मात्र डळमळीत.

2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती: मुलाला रोज वीस शब्द देऊ नका, पाच द्या. पाचही शब्दांची त्याच्याच घरातली, त्याच्याच गल्लीतली वाक्यं त्याच्याकडून लिहून घ्या, आणि ती मोठ्यानं वाचायला लावा.