आजार बरा होत नसला, तरी दुखणं थांबवता येतं



लागण, खत आणि बेणे यांच्या माहितीबरोबर या अंकात एक वेगळाच विषय आपणापुढे ठेवीत आहोत. विषय जड आहे. पण आपल्या कार्यक्षेत्रातल्या कुठल्याही गावात जा, बरे न होणाऱ्या दुखण्याने कोणीतरी अंथरुणाला खिळलेले आहे, असे एखादे घर सापडतेच. आपण त्यावर बोलत नाही, एवढेच.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमचे थोरले बंधू, सारा गाव त्यांना दादा म्हणे. त्यांना घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झाले, शेक दिले, वर्षभर बरे गेले आणि दुखणे पुन्हा उलटले. डॉक्टर म्हणाले, "आता घरी घेऊन जा. करण्यासारखं काही राहिलं नाही." हे ऐकून घरी कोण बसतो? आम्ही विहिरीकडचे वीस गुंठे विकले आणि दादांना दुसऱ्या शहरात नेले. तिथे अठरा दिवस काचेआड ठेवले. आम्हांला दिवसातून दोनदा लांबून बघायला मिळे. पैसे संपले तेव्हा परत आणले. आजार होता तिथंच होता, आणि रात्री दादांचे कण्हणे चार घरांपर्यंत ऐकू जाई.

मग ओळखीच्या एका नर्सबाईंनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांकडे धाडले. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दर चार तासांनी द्यायला बजावून सांगितले. पण मॉर्फिन म्हणजे अफूच, हे आमच्या डोक्यात. दादांना व्यसन लागेल या भीतीने आम्ही गोळ्या फळीवर ठेवल्या. अगदीच असह्य झालं तर एखादी द्यायची. असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी पहाटे वहिनी म्हणाल्या, "भावजी, सवय लागायला ह्यांच्याकडं आता दिवस तरी किती उरल्यात?"

त्या दिवसापासून घड्याळ लावून गोळी सुरू केली. दुसऱ्या रात्री दादा सलग झोपले. सकाळी म्हणाले, "लई दिवसांनी झोप लागली रे." ते चार दिवस आम्ही वाया घालवले, ही टोचणी अजून जात नाही. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

आता जे आम्हांला उशिरा कळले ते सांगतो. उसाला पाणी आपण पाळीने देतो. पीक सुकल्यावर धावपळ करीत नाही. या औषधाचेही तसेच आहे. दुखणे उसळण्याआधी, ठरल्या वेळेला, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत गोळी गेली पाहिजे. अशा रीतीने दुखण्यावर घेतलेल्या औषधाने माणूस सहसा व्यसनी होत नाही, आणि योग्य मात्रेने मरण लवकर येते हाही गैरसमजच. सुरुवातीला थोडी मळमळ आणि गुंगी येते, ती काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहतो, म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीला लागते. गोळी आपल्या मनाने वाढवू नये, एकदम बंदही करू नये, आणि कुलपात ठेवावी.

मग ही गोळी सहज का मिळत नाही? ज्या अफूपासून मॉर्फिन निघते तिची लागवड आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. पण 1985 साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. परवाने अनेक, शिक्षा जबर. त्यामुळे बऱ्याच दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पिकते आपल्याकडे आणि तळमळतो आपलाच माणूस, अशी गत झाली. 2014 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त दवाखान्यांसाठी ही वाट सोपी केली. तरी सगळीकडे गोळी पोचलेली नाही.

या साऱ्या सेवेला उपशामक उपचार म्हणतात. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून ही विद्या जगभर गेली. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन निघाले. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचे केंद्र आहे. हे उपचार फक्त शेवटच्या आठवड्याचे, असे समजू नका. मुख्य औषधोपचार चालू असतानाच ते सुरू करता येतात, आणि कॅन्सरखेरीज किडनी, हृदय, अर्धांगवायू यांच्या रोग्यांनाही त्यांचा उपयोग होतो.

आपण सहकारी माणसांनी बघण्यासारखे काम मात्र केरळात झाले. 1993 साली कालिकतच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी ही सेवा उभी केली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावकरीच पुढे आले. शिक्षक, दुकानदार, मजूर, घरच्या बाया यांनी थोडे शिक्षण घेतले, लहान लहान वर्गणी गोळा केली, आणि नर्सबाईंबरोबर घरोघर जाऊ लागले. 2008 साली केरळ सरकारने याचे धोरणच केले. थेंबे थेंबे तळे साचवण्याची ही रीत आपल्याला नवी आहे का? शेअर गोळा करून आपण कारखाना उभा केला तो असाच.

घरच्या माणसांना करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. रोग्याला दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी, पाठ कोरडी ठेवावी. पाठीला जखमा होणे पुष्कळ टळते. कॅन्सरच्या जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे, त्यावर साधे औषध असते. शेवटी शेवटी माणूस जेवत नाही; बळेच भरवू नये, ओल्या कापसाने ओठ भिजवीत राहावे. आणि जवळ बसावे. त्याच्यासमोर त्याच्याविषयी कुजबुज करू नये. त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे.

आमची सूचना अशी. प्रत्येक गावातून दोन-तीन तरुणांनी आणि भगिनींनी पुढे यावे. कोणाच्या घरी असा रोगी आहे याची नोंद ठेवावी. जिल्ह्यात मॉर्फिन कोणत्या दवाखान्यात मिळते याची चौकशी करावी, आणि अडल्यानडल्याला गाडी द्यावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी जरूर काढावा.

गोळी सुरू झाल्यावर दादा पाच आठवडे होते. ओट्यावर बसत, तोड आली का विचारत, नातवंडांशी बोलत. गळीत सुरू झाल्याचा कारखान्याचा भोंगा त्यांनी ऐकला. वीस गुंठे परत येणार नाहीत, दादाही येणार नाहीत. पण ते पाच आठवडे आम्हांला मिळाले, त्याला एक एकरही लागला नाही. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर आमच्यासारखे चार दिवस घालवू नका.