पाकिटामागची अक्षरं

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे, एका जनौषधी केंद्राच्या काउंटरशेजारी मी सध्या काम बघत बसते. काउंटरमागे एक फार्मासिस्ट ताई असतात. कुणी चिठ्ठी पुढे केली की ती बाजूला ठेवून त्या आधी विचारतात, "अम्मा, जुनी पाकिटं आणलाव का?"

अम्मा बहुधा विड्या वळणाऱ्या असतात, नाहीतर यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या घरातल्या. घरी तेलुगू, बाजारात मराठी. शुगर आणि बीपी दोन्ही. प्लास्टिकच्या पिशवीतून संपलेली, अर्धवट, कात्रीनं कापलेली पाकिटं काउंटरवर येतात. ताई एकेक पाकीट उलटं करतात, उजेडाकडे धरतात आणि वाचतात.

चिठ्ठीवर बहुतेक वेळा ब्रँडचं नाव असतं, तेही दोनतीन अक्षरांनंतर वाहून गेलेलं. औषध नेमकं काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. काउंटरवर त्याला सॉल्ट म्हणतात. हे नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम २०१८ पासून लागू झाला, त्यामुळे ताईंचं काम पुष्कळ हलकं झालं. अडतं ते कापलेल्या पाकिटापाशी. ज्या घरात पैसे थोडेथोडे येतात तिथं गोळ्याही पाच-पाच घेतल्या जातात, आणि नाव, ताकद, मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. मग फॉइलवरच्या अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरून अंदाज बांधायचा मोह होऊ शकतो. ताई अंदाज बांधत नाहीत. "आज देत नाही. घरातलं दुसरं पाकीट आणा, नाहीतर डॉक्टरांकडून नाव लिहून आणा," म्हणतात. गिऱ्हाईक रुसतं. तरी त्या देत नाहीत.

स्वस्त औषध शोधणं म्हणजे किमतींची तुलना करणं, असं बाहेरून वाटतं. इथं बसल्यावर कळतं की किंमत सगळ्यात शेवटी येते. बीपीचं टेल्मिसार्टन घ्या. ब्रँडच्या नावापुढं एखादं 'एच' असलं तर त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं, 'एएम' असलं तर अ‍ॅम्लोडिपिन. चिठ्ठीवर ती शेपटी घाईत निसटते आणि स्वस्तात साधं टेल्मिसार्टन घेऊन गेलेला माणूस अर्ध्याच उपचारावर राहतो. शुगरच्या मेटफॉर्मिनच्या पुढं 'एसआर' असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी. तिच्या जागी साधी चालत नाही, आणि ती चावून किंवा कुटून खायची नसते, हेही सांगावं लागतं.

एकदा एक निवृत्त गिरणी कामगार हृदयाची गोळी घेऊन आले. हातातल्या पाकिटावर मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मिलिग्रॅम, चिठ्ठीवर ५०. आपल्याला कमी ताकदीची गोळी मिळत आली, अशी त्यांची तक्रार होती. ताईंनी त्यांना स्टुलावर बसवून पाकिटावरची पुढची ओळ वाचून दाखवली: मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मिलिग्रॅमइतकं. औषध एकच, क्षार वेगळे, म्हणून वजनाचा आकडा वेगळा. पण सक्सिनेटची ही गोळी दिवसभर पुरणारी, टार्ट्रेटची साधी गोळी सहसा दोनदा घ्यावी लागणारी. ताकद जुळली म्हणून एक काढून दुसरी देता येत नाही. या समजावण्यात बराच वेळ गेला, मागे रांग वाढली, आणि या वेळेचा एक पैसाही कुठल्या पावतीवर येत नाही. माझ्या मते औषधाचा खर्च कमी होतो तो याच बिनपगारी वाचनातून.

काही चिठ्ठ्यांना ताई हात लावायला कचरतात. थायरॉइडची गोळी त्यातली एक. लेव्होथायरॉक्सिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थोडा फरकही अंगावर उमटतो. एकाच कंपनीची गोळी चालू ठेवा, बदलायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा, असं त्या सांगतात. फिट्सच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचंही तसंच. पैसे वाचवण्यासाठी फिट परत येऊ द्यायची नाही, यावर त्या ठाम आहेत.

गुणवत्तेची शंका तर रोजची. "गोळी बदललालाव, गुण येतंय का ओ?" हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. स्वस्त म्हणजे हलकं, ही समजूत कष्टकरी माणसानं अनुभवातून कमावलेली असते, तिला हसण्यात अर्थ नाही. ताई सरळ उत्तर देतात. जनौषधीचा माल निविदेनं एकगठ्ठा घेतला जातो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याची बॅच तपासली जाते, आणि डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधींचा, जाहिरातीचा खर्च त्यावर चढत नाही. पाण्यात सहज न विरघळणारी जी औषधं आहेत, त्यांच्या नव्या जेनेरिक गोळीला परवाना मिळण्याआधी ती रक्तात मूळ औषधाइतकीच उतरते हे दाखवणं २०१७ पासून सक्तीचं झालं आहे. तरी कुठलीच बॅच कधीच नापास होत नाही, असं त्या म्हणत नाहीत. केंद्रीय औषध नियंत्रकांकडून दर महिन्याला नापास नमुन्यांची यादी निघते आणि तिच्यात महागड्या ब्रँडांची नावंही येतात.

मग किमती इतक्या वेगळ्या कशा? आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते. बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे सोळा टक्के धरायचे. गोळी बनवायला किती खर्च आला, हा प्रश्न त्या गणितात येतच नाही. महाग ब्रँड खपतो, म्हणून सरासरी चढते, म्हणून मर्यादाही चढलेलीच राहते. मला हे गणित मुळातच अन्यायाचं वाटतं. पेटंट संपल्यावर काय होतं ते शुगरच्या एम्पाग्लिफ्लोझिननं मार्च २०२५ मध्ये दाखवलं. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी इतर कंपन्यांनी दहा रुपयांच्याही आत आणली. पण चिठ्ठीवर जुन्या ब्रँडचंच नाव असेल, तर ही घसरण त्या घरापर्यंत पोचत नाही.

आणि इथं ताईंचे हात कायद्यानं बांधलेले आहेत. १९४५ च्या औषध नियमांमधल्या ६५व्या नियमाप्रमाणे शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधासाठी चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं, अगदी त्याच सॉल्टचं असलं तरी, फार्मासिस्टनं स्वतःहून द्यायचं नाही. जेनेरिक नाव, म्हणजे सॉल्टचं नाव, लिहायचं ते डॉक्टरांनी. तसं लिहावं हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे, २०१६ मध्ये 'सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत' अशी भर पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं आणखी कडक नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं काढून टाका, असं औषध उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी हाथी समितीनं १९७५ मध्येच सांगितलं होतं. पन्नास वर्षं झाली. रुग्णाला विचारून, ठरावीक सुरक्षित औषधांपुरता तरी त्याच सॉल्टची दुसरी गोळी देण्याचा अधिकार फार्मासिस्टला मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर ताईंनी आपला मार्ग काढला आहे. कोऱ्या कागदावर त्या सॉल्टची नावं, ताकद आणि गोळी साधी की एसआर ते लिहून देतात. "हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा, 'हेच नाव चिठ्ठीवर लिहा' म्हणा." काही डॉक्टर लगेच लिहून देतात, फोनवर ताईंशी बोलतातही. काही चिडतात. कागदाच्या तळाशी बऱ्याचदा एक प्रश्नही असतो: पित्ताची गोळी अजून लागते का? दुखण्याच्या गोळ्यांबरोबर कधीतरी सुरू झालेलं पँटोप्राझोल-डॉम्पेरिडॉन वर्षानुवर्षं चालू राहिलेलं त्यांना दिसतं. डॉक्टरांनी ते थांबवलं, तर तेवढे पैसे पूर्णच वाचतात. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिल हॉस्पिटलला फुकट मिळतील का, हेही त्या आधी बघायला लावतात. स्वतःचा धंदा त्यात बुडतो, पण त्या सांगतात.

जनौषधीत सगळंच असतं असंही नाही. दोन-तीन औषधांची मिश्र गोळी कधी नसते, कधी माल यायला दिवस लागतात. मग त्या दुसऱ्या दुकानातल्या ब्रँडांची तुलना करून देतात, आणि तीही दर गोळीमागे. एक पाकीट दहाचं, दुसरं पंधराचं असतं. नुसती पाकिटांची किंमत बघणारा फसतो. भरघोस सवलतीच्या पाटीवरही त्यांचा भरवसा नाही, कारण छापील किंमतच फुगवलेली असू शकते.

सगळं जुळून गोळ्या पुढे ठेवल्यावर सर्वांत धोक्याचा भाग सुरू होतो. अम्मा गोळी रंगानं ओळखतात. शुगरची पांढरी लांबट, बीपीची गुलाबी. नवीन पाकिटात बीपीची पांढरी निघाली, की घरी जाऊन गुलाबीही घ्यायची आणि पांढरीही, असं घडतं. एकच औषध दुप्पट जातं, चक्कर येते, आणि दोष नव्या गोळीवर बसतो. म्हणून ताई जुन्या आणि नव्या पाकिटांच्या जोड्या लावतात, अम्मांच्याच हातानं. ही संपली की ही, दोन्ही एकदम नाहीत. मग मार्करनं नव्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढतात आणि विचारतात, "आता तुम्ही सांगा, रात्री कुठली?" अम्मा चुकीच्या पाकिटावर बोट ठेवतात. ताई पुन्हा पहिल्यापासून सांगतात. दुसऱ्यांदा बोट बरोबर पडतं. मग पावती होते आणि तिच्या पाठीवर त्या लिहितात: पंधरा दिवसांनी बीपी मोजून आकडा घेऊन या.