पिचकारी सुधारण्याची खटपट : कितपत सार्थ?

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या वर्गात निपाणीस मी तीन वर्षे बसलो. या पुस्तिकेसाठी विज्ञानविषयक लेख लिहावा, अशी आज्ञा शाळेने केली, तेव्हा पिचकारीसारखा क्षुल्लक विषय मी मुद्दाम निवडला. त्याचे कारण गुरुजींनी मला एकदा विचारलेला एक प्रश्न आहे. तो लेखाच्या ओघात येईलच.

आमच्या भागात रंगाचे दिवस एक नव्हेत. बेळगाव शहरात धुळवडीला रंग खेळतात. पूर्वी सांगली संस्थानात असलेल्या शहापुरात आणि शेजारच्या वडगावात तो रंगपंचमीला खेळला जातो. दिवस कोणताही असो, बाजारातून प्लास्टिकची पिचकारी आणलेला मुलगा दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, "सर, हिची धार आणखी लांब नेता येईल काय?" नेता येते. परंतु त्यासाठी घेतलेले श्रम सार्थकी लागतात काय, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने नव्हे, हिशेबाने द्यावयाचे आहे.

प्रथम पिचकारीचे काम पाहू. आमच्या लहानपणी कळकाचे एक कांडे घेत. एका टोकाची गाठ तशीच ठेवून तिला बारीक भोक पाडीत आणि काठीला चिंधी गुंडाळून दट्ट्या करीत. पितळी पिचकारी आणि आजची प्लास्टिकची पिचकारी यांचे तत्त्व हेच आहे. हाताचा जोर दट्ट्याच्या क्षेत्रफळावर वाटला जातो आणि पाण्यात दाब निर्माण होतो. पास्कलने सतराव्या शतकात मांडलेल्या ज्या नियमावर उद्यमबागेतील कारखान्यांत तयार होणाऱ्या हायड्रॉलिक झडपा चालतात, त्याच नियमावर मुलाच्या हातातील पिचकारीही चालते.

आता आकडे घेऊ. दट्ट्याचा व्यास ३ सेंटीमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटीमीटर होते. त्यावर ७ किलोचा जोर लावला, की दर चौरस सेंटीमीटरला १ किलो दाब मिळतो. हा दाब १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा होय. टोरिचेलीने १६४३ च्या सुमारास दाखविलेल्या नियमाप्रमाणे अशा दाबाखालून पाणी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने बाहेर पडते. ४५ अंशांच्या कोनात सोडलेली ही धार, हवेचा अडथळा नसता, तर २० मीटर गेली असती. प्रत्यक्षात ती निम्मीही जात नाही. पाणी तुटून त्याचे थेंब होतात आणि थेंब जितका बारीक, तितका हवा त्याला लवकर अडविते. म्हणून सुईसारखी बारीक धार जोरदार दिसली, तरी लांब जात नाही. भोक काहीसे रुंद केले, की धार अधिक काळ एकसंध राहते.

मग भोक रुंदच करीत का जाऊ नये? येथे हाताची मर्यादा आड येते. भोक ३ मिलिमीटरचे असता त्याचे क्षेत्रफळ दट्ट्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे असते. वरील वेगासाठी हात सेकंदाला १४ सेंटीमीटर सरकला, तरी पुरे. भोक ६ मिलिमीटरचे केल्यास हात ५६ सेंटीमीटर सरकावा लागतो. १० मिलिमीटरचे केल्यास दीड मीटरहून अधिक! तेवढ्या वेगाने जोर टिकविणे कोणालाच साधत नाही. दाब पडतो आणि धार पायाशी गळते.

काही वर्षांपूर्वी मी मुलांसमवेत शाळेच्या मैदानावर टेप अंथरून हे पडताळून पाहिले. बाजारातील पिचकारीची धार ५ मीटर गेली. तिचा दट्ट्या सैल असल्याने पाणी मागून झिरपत होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसविला आणि त्याला खोबरेल लावले. धार साडेसहा मीटरवर गेली. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. भोक २ मिलिमीटरवरून ३ केले. साडेसात मीटर झाले. ४ केले, ८ मीटर. ६ केले, तेव्हा ती पुन्हा ७ वर आली. पहिल्या अर्ध्या तासाने दीड मीटर दिले, पुढच्या सर्व सायंकाळींनी मिळूनही तेवढेच दिले.

मुलांचे समाधान झाले नाही. "हवेचा दाब भरला तर?" असे एकाने विचारले. प्रश्न योग्यच होता. लॉनी जॉन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९८२ साली घरी पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करीत असता न्हाणीघरात उडालेली जोरदार धार पाहिली आणि तीतून हवेच्या दाबावर चालणारी पिचकारी कल्पिली. प्लास्टिकच्या नळ्या आणि सोड्याची बाटली वापरून त्याने नमुना केला; ती १९९० साली बाजारात आली आणि पुढील वर्षापासून 'सुपर सोकर' या नावाने जगभर गेली. तिचे मर्म असे, की हात आधी सावकाश हवा भरतो आणि साठविलेले श्रम पुढे एकदम उपयोगास येतात. हाताच्या वेगाची मर्यादा तेथे उरत नाही.

आम्ही उद्यमबागेतील एका लेथवाल्या स्नेह्याकडून पितळी तोटी करून घेतली आणि बाटली जोडली. चार सायंकाळी गेल्या. पाचव्या दिवशी सांधा फुटला आणि बाटली भिंतीवर आदळली. सोड्याची बाटली मुळातच वायूचा दाब सोसण्यासाठी केलेली असते. साध्या पाण्याची नसते. आम्ही घेतली होती ती साध्या पाण्याची. सुदैवाने कोणास लागले नाही. खर्चाच्या दृष्टीने पाहता तेवढ्या पैशांत दोन नव्या पिचकाऱ्या आल्या असत्या.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे आणि ती मी फार महाग किमतीस शिकलो. बारा वर्षांचा असताना मी घरातील पितळी पिचकारीचे भोक लोहाराकडून मोठे करवून घेतले. धार अंगण ओलांडून गेली, म्हणून पावलांनी अंतर मोजले आणि फुशारलो. दुसऱ्या दिवशी तीच धार हातभर अंतरावरून माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यावर बसली. बुबुळापुढे रक्त साकळले. डोळ्यावर पट्टी बांधून आठ दिवस तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. दृष्टी परत आली. परंतु ते आठ दिवस आईने माझ्याशी भाषण केले नाही.

गुरुजी त्याला पाहावयास घरी आले. मला ते रागावले नाहीत. निघताना उंबऱ्यात थांबून एवढेच म्हणाले, "धार किती लांब जाते ते मोजलीस, जवळून किती लागते ते मोजलीस काय रे?"

ते मोजता येते. वर घेतलेल्याच दाबाने २ मिलिमीटर भोकातून निघालेली धार जवळच्या वस्तूवर सुमारे ६० ग्रॅम वजनाएवढा जोर देते. भोक ३ मिलिमीटरचे केल्यास तो १४० ग्रॅम होतो, ४ चे केल्यास २५० ग्रॅम. अंतर अर्ध्या मीटरने वाढविण्यासाठी जे शेवटचे भोक आम्ही पाडले, त्याने डोळ्यावर बसणारा मारा जवळजवळ दुप्पट केला होता. टेपवर हे दिसत नाही. धारेची लांबी पिचकारी धरणाऱ्याची असते, मारा मात्र समोरच्याचा असतो; म्हणून हिशेब दोघांचा मांडावा लागतो.

यास्तव मुलांना मी असे सांगतो : वायसर अवश्य बदला. भोक ३ मिलिमीटरपर्यंत न्या, पुढे नको. हवेच्या दाबाची खटपट घरी करू नका. ती हवी असेल, तर तयार खेळणे घ्या. दोन-तीन मीटरांच्या आतून कोणावर धार सोडू नका आणि छातीच्या वर कधीच नेम धरू नका.

तथापि त्या चार सायंकाळी वाया गेल्या, असे मला म्हणवत नाही. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून पंप आणि खेळणी करवून घेऊन हेच दाखविले, की वस्तू उघडून पाहिल्याखेरीज नियम अंगी मुरत नाही. धार लांबविण्यासाठी म्हणून पाहिली, तर आमची बहुतेक खटपट तोट्याची ठरली. दाब, क्षेत्रफळ आणि वेग यांचे नाते सातवीच्या मुलांनी टेप हाती घेऊन स्वतः शोधले, या दृष्टीने पाहिली, तर ती फायद्याची ठरली. कोणत्या हेतूने आपण हात घालीत आहोत, हे आधी ठरवावे. प्रत्येक बदलानंतर मोजावे. लाभ थांबला, की थांबावे. आणि मोजताना समोर उभ्या असलेल्याला विसरू नये.

गुरुजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नव्हते. आज या पानांवर ते त्यांच्या स्मृतीस सादर करीत आहे.