ध्यानाची तोंडओळख – भाग ५ : मंत्र निसटतो तेव्हा

मागच्या भागात बैठक आणि वेळ ठरली: पाठीला आधार, हवं तर खुर्चीत, सकाळी न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी जेवणाआधी वीस-वीस मिनिटं. आता डोळे मिटल्यावर काय करायचं, ते पाहू.

आपण जी पद्धत शिकतोय, तिचा आजचा साचा महेश योगींच्या भावातीत ध्यानातून आला. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांच्या या शिष्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ती जगभर नेली. १९६८ साली बीटल्स हृषीकेशच्या आश्रमात येऊन राहिले आणि तिचा बोलबाला झाला. त्या परंपरेत मंत्र शिक्षक देतात, तो कुणाला सांगायचा नाही आणि शिकवणीची फी असते. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी याच साधकांचा अभ्यास केला आणि १९७५च्या ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकात सांगितलं, की ‘वन’ असा साधा शब्द श्वास सोडताना मनात म्हटला तरी शरीर तसंच शिथिल होतं. मला बेन्सन यांचं म्हणणं पटतं. शिक्षकाचा उपयोग असतो, पण तो मंत्रापेक्षा मंत्र कसा हाताळायचा हे दाखवण्यासाठी.

तेव्हा दोन-तीन अक्षरांचा, जिभेला मऊ असा एखादा शब्द निवडा आणि मग बदलू नका. घरात नामस्मरणाची सवय असेल तर ‘राम’ चालेल. मात्र गोंदवल्याच्या परंपरेतला तेरा अक्षरी जप करणाऱ्यांनी तो आपल्या जागी तसाच चालू ठेवावा. तिथे भाव आहे, माळ आहे, संख्या आहे. इथे माळ नाही आणि मोजणीही नाही.

डोळे मिटून अर्धं मिनिट नुसतं बसा. मग मंत्र मनात येऊ द्या. ओठ हलत नाहीत ना, जीभ टाळूशी चुळबुळ करत नाही ना, एवढं एकदा पाहून घ्या. मनुस्मृतीत जपाची चढती भाजणी आहे. तिथे उपांशु, म्हणजे पुटपुटण्याच्याही वर मानस जप ठेवलाय. आपला हा मानस जप. सकाळी रिक्षात कानावर पडलेलं गाणं दुपारपर्यंत डोक्यात घोळत राहतं, ते काही आपण घोकत नाही. मंत्र साधारण तसा चालायला हवा. श्वासाच्या तालावर तो आपोआप बसला तर बसू द्या. मुद्दाम बसवू नका. बेन्सन यांची रीत इथे वेगळी आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता खरी मेख. मंत्र चालू असतो आणि मध्येच आठवतं, सिलिंडर नोंदवायचं राहिलं. मग सिलिंडर आणणारा, त्याने मागच्या खेपेला मागितलेले वरचे पैसे, त्यावरून सोसायटीची मीटिंग, त्यात कोण काय बोललं... आणि एकदम, अरे, मंत्र! या क्षणी बहुतेक जण दचकतात, स्वतःवर चिडतात आणि पहिल्यापासून जोर लावून मंत्र म्हणायला लागतात. ‘लक्ष दे, लक्ष दे’ ऐकत शाळा काढलेल्या आपल्यासारख्यांचं दुसरं काय होणार! पण मंत्र सुटला हे लक्षात आलं, तेव्हाच तुम्ही अर्धे परत आलेला असता. सिलिंडरचा विचार ढकलायचा नाही, तो पुरता संपायची वाटही पाहायची नाही. तो शेजारी असू दे आणि मंत्राकडे सहज वळा. वीस मिनिटांत असं कितीही वेळा झालं तरी ते ध्यानच.

विचार ढकलायचा नाही, यामागे कारण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा हजर! विचार आत येऊ नये म्हणून पहारा ठेवायचा, तर तो आला का हे सतत पाहावं लागतं.

कधी उलटं होतं. मंत्र पुसट होतो, लय लांबते, एखादंच अक्षर उरतं. नवखे घाबरून तो पुन्हा ठळक करतात. करू नका. पुसट होतोय, होऊ द्या. पेंग आली तर येऊ द्या. गजर लावू नका, वाटलं तर डोळे किलकिले करून घड्याळ पाहा. वेळ झाली की मंत्र सोडा, पण दोन-तीन मिनिटं डोळे मिटूनच बसा. ताडकन उठून कुकर लावायला धावलात तर डोकं जड होतं, चिडचिड होते.

फायद्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली रक्तदाबासाठी भावातीत ध्यानाचा विचार करायला हरकत नाही, असं सावधपणे म्हटलं. दुसरीकडे, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड होम्स यांनी १९८४ मध्ये तोवरचे प्रयोग तपासून दाखवलं होतं, की नुसतं शांत बसणाऱ्यांचं शरीरही तितकंच निवांत होतं. तेव्हा रक्तदाबाची गोळी चालूच ठेवा. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बसल्यावर धास्ती किंवा घुसमट वाढत गेली तर डोळे उघडा, त्या दिवशी तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर जाणत्या शिक्षकाला किंवा डॉक्टरांना गाठा.

पुढच्या भागात : घरात माणसं, टीव्ही आणि दारावरची बेल असताना कसं बसायचं.