जुन्या पिकअपमधील लपलेला वीजदोष

नारायणगावच्या बाजारास टोमॅटो नेणाऱ्या एका शेतकरी बंधूंच्या जुन्या पिकअपचे दिवे चाक खड्ड्यात जाताच विझत आणि काही अंतरावर आपोआप लागत. रात्रीच्या वाटेवर हे जिवावर बेतणारेच होय. त्यांनी प्रथम बॅटरी बदलली, नंतर अल्टरनेटर. दोष होता तेथेच राहिला.

असा मधूनमधून उद्भवणारा दोष बहुधा यंत्रभागात नसून जोडात असतो. तो खड्ड्यात येतो, पावसात येतो, की इंजिन तापल्यावर, याची नोंद आधी ठेवावी. वायरमनला तीच फार उपयोगी पडते.

बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट आहेत ना, हे पाहून अर्थिंग तपासावे. दिवे लावून मल्टीमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्यावर टेकवावी. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. मग दुसऱ्या माणसाने अर्थिंगची पट्टी व तारांचा जुडगा हळूहळू हलवीत जावे. जेथे आकडा उसळेल तेथेच दोष समजावा. उभ्या गाडीत हलविल्यावाचून तो सापडत नाही. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार मात्र कदापि घालू नये. गाडी पेटण्याचा संभव असतो.

वरील गाडीत अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट गंजून सैल झाला होता. बॅटरीचे ऋण टोक सोडून तो पॉलिश पेपरने घासला व आवळला, इतकेच. काढून टाकलेली बॅटरी आजही उत्तम चालते.